अंजूरच्या गोदामातली गोळी

१

बेशुद्ध माणसाला बेडी घालायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा समोर बसवून चहा पाजायची सोनल भालेरावला फार इच्छा होती. चहा आणि थोडी विचारपूस.

नागसेनच्या तोंडात नळी होती. डाव्या हाताला सलाईन. उजवा हात साखळीने पलंगाच्या दांडीला अडकवलेला. पळून जायचं तर त्याला आधी स्वतःचा श्वास स्वतः घ्यावा लागला असता.

"ही कोणी घातली?" सोनलने पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं. ती सहायक पोलीस निरीक्षक होती, आणि हा तपास आज सकाळीच तिच्या टेबलावर येऊन पडला होता.

"वरून सांगितलं, मॅडम. सशस्त्र पथकावर हल्ला केलेला आरोपी हाय."

"काढ."

"पण मॅडम..."

"पळाला तर मी धावेन त्याच्या मागे. काढ."

बेडी निघाली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, मांडीतली मोठी शीर फाटली होती, आशा आहे पण शब्द देता येत नाही. सोनलला त्या वाक्याचा हिशेब लगेच कळला. हा माणूस जगला तर निदान तोंड उघडेल. मेला, तर कागदावर 'आरोपी मयत' असा शिक्का बसेल, फाईल बंद होईल आणि हल्लेखोर हीच त्याची कायमची ओळख राहील. पोलीस ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना ती सोय फारशी गैरसोयीची वाटत नव्हती.

तक्रार सुटसुटीत होती. भिवंडीच्या भोवती शेतं गेली आणि गोदामं आली, तेव्हा ती तपासायला एक सरकारी कार्यालय निघालं. नाव लांबलचक, लोक गोदाम ऑफिस म्हणतात. कुठे काय साठवलंय, आग विझवायची साधनं चालतात का, मागचं दार उघडतं का, हे बघायचं त्यांचं काम. यंदा त्या कार्यालयाला पिस्तुलं मिळाली. त्यातलं एक निरीक्षक विशालकडे होतं. विशालची तक्रार अशी: दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अंजूरला केसरीनाथ पाटलांच्या गोदामावर अचानक तपासणीला गेलो असता फोर्कलिफ्टचालक नागसेन याने शिवीगाळ करून फोर्कलिफ्ट चालू केली व जिवे मारण्याच्या उद्देशाने अंगावर घातली, स्वसंरक्षणार्थ एक गोळी झाडली.

ठाण्यातली सगळी माणसं त्या दिवशी नवरात्राच्या बंदोबस्तात होती. तक्रार आली तशी लिहून घेतली गेली.

बाहेर बाकावर नागसेनची आई मीराबाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"मावशी, त्या दिवशी तो कामावर कसा गेला? सुट्टी नव्हती का?"

"व्हती ना. रातच्या गाडीनं नागपूरला निघायचा व्हता. दीक्षाभूमीला. पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलाय, अजून तितंच हाय." मीराबाईचा आवाज सपाट होता. "सकाळी शेठचा फोन आला. गाडी धुवून दे म्हनाला. धुवून येतो म्हनला आन गेला."

"कोणती गाडी?"

"तीच की. तो चालवतो ती. माल उचलायची."

"फक्त धुवायला बोलावलं होतं?"

मीराबाईने तिच्याकडे पाहिलं. "बाय, मारामारी करायला जानारा मानूस आईला सांगून जाईल का, की जेवायला थांब, आलोच?"

सोनलने ते लिहून घेतलं. तिच्या डोक्यात दुसरीच गोष्ट अडकली होती. गोळी मांडीला लागली होती.

२

अंजूरच्या गोदामात सोनल फोर्कलिफ्टच्या सीटवर चढून बसली आणि हवालदार सावळारामला समोर उभं केलं.

"मी तुमच्या अंगावर येतेय. घाला गोळी."

सावळाराम तिथल्याच खाडीपट्ट्यातला, निवृत्तीला आलेला. त्याने बोटाचं पिस्तूल केलं आणि एक डोळा मिटला. "कुठं घालू?"

"मांडीत."

"मांडी दिसंल तर घालीन ना. पुढं सगळा पत्रा हाय. डोकं दिसतंय, छाती दिसती. बाकीच्या मॅडम पत्र्याआड."

"पत्र्याला भोक?"

सावळारामने वाकून हात फिरवला. "ओरखडासुदिक न्हाय."

म्हणजे गोळी लागली तेव्हा नागसेन सीटवर नव्हता. उभा होता, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे गोळी मांडीच्या बाजूने शिरली होती. मारायला धावणारा माणूस तोंड समोर करून धावतो, अंग तिरकं करून नाही.

सोनल खाली उतरली. गोदामात सगळीकडे खोक्यांची धूळ, कापसाचे तंतू, तंबाखूच्या पिचकाऱ्या. फोर्कलिफ्ट तेवढी नव्या नवरीसारखी लख्ख. माल उचलायच्या दांड्याला पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ राहिली होती. दोरा घाईने तोडलेला.

"कॅमेरे?"

"त्या दिवशी बंद होते ना, मॅडम." उत्तर दारातून आलं. मालकाचा मुलगा कुणाल. दाढी आखीव, शर्टाची वरची बटणं मोकळी, पायात पांढरे बूट. गोदामात पांढरे बूट घालणारा माणूस गोदामात काम करत नाही, एवढा अंदाज कोणालाही आला असता.

"कॅमेरे नेमके त्याच दिवशी बंद?"

"लाइटचा लफडा असतो इकडे. आपल्याला काय माहीत असं होईल."

"तू कुठे होतास?"

"ऑफिसात. आवाज आला तसा बाहेर आलो. नागसेन खाली, विशालसाहेब तिथे. मग पप्पांनी गाडी काढली, त्याला टाकला, हॉस्पिटल. पप्पांच्या गाडीची सीट पूर्ण खराब झाली."

"अरेरे," सोनल म्हणाली. "सीटला टाके पडले की काय?"

कुणालला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो रागावला, आणि त्याने हात खिशात घातला. घालताना थोडा कळवळला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात पट्टी होती.

"काय लागलं?"

"खोक्यांची प्लॅस्टिकची पट्टी असते ना बांधायची. कापते."

"तू खोकी बांधतोस?"

"कधी कधी. मूड असला तर."

सावळाराम त्या पांढऱ्या बुटांकडे पाहत राहिला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मॅडम, ह्याचा मूड वर्षातून एकदा येत असंल."

"कोणत्या दिवशी येतो ते शोधायचं," सोनल म्हणाली.

३

गोदाम ऑफिसात पाणी प्यायला गेलं की कळायचं, सरकारने इथे कशावर खर्च केला आणि कशावर नाही. पिण्याच्या पाण्याचं यंत्र बंद. भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं मुदत संपलेलं, आणि त्याच्या खालीच, आग विझवायच्या नळकांड्यांची मुदत तपासणाऱ्या साहेबांची खुर्ची. कोपऱ्यात मात्र नवी कोरी पोलादी तिजोरी होती, बंद काचेत गोळ्या अडवणारी जाकिटं टांगलेली होती, आणि बाहेर पिवळ्या दिव्याची जीप उभी होती.

विशालने सोनलला बसा म्हटलं नाही. ती बसली.

"तुमची चौकशी म्हणजे माझ्यावरच संशय दिसतोय," तो म्हणाला. बोलणं स्वच्छ, हात त्याहून स्वच्छ. नखं कापलेली, बोटात पुष्कराज, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. "आमची माणसं मार खात होती तेव्हा पोलीस कुठे होते? आता आम्ही उत्तर दिलं तर पोलिसांना कायदा आठवतो."

"शिक्षण किती दिवसांचं झालं तुमचं? पिस्तुलाचं."

"एक शिबिर झालं. आठवड्याचं."

"मला वर्ष लागलं. आणि अजूनही ते कमरेला असलं की मी त्याला घाबरते."

"प्रत्येकाची कुवत," विशाल म्हणाला.

सोनलने ती गोष्ट कानाआड केली, पण सोडून दिली नाही. तिने पिशवीतून पिस्तुलाचा मोठा करून काढलेला फोटो टेबलावर ठेवला. आज सकाळीच ठाण्याच्या मुद्देमालातून काढून घेतलेला. मुठीच्या खाचांमध्ये लाल रेघा बसल्या होत्या.

"हे काय आहे?"

"रक्त. त्याला उचलायला मी वाकलो, तेव्हा लागलं असेल. माणुसकी म्हणून वाकलो, मॅडम."

"दसरा कधीच उलटला, साहेब. रक्त वाळलं की तपकिरी होतं, मग काळं. हे अजून लालभडक आहे."

विशालने फोटो जवळ ओढला. पहिल्यांदाच त्याची घाई दिसली. मग तो हसला. "अच्छा. कुंकू असणार ते. त्या दिवशी इथे ऑफिसात शस्त्रपूजा झाली. नवीन शस्त्रं, पहिलंच वर्ष. विसरलोच मी."

"माणसाला गोळी घातलेलं पिस्तूल, आणि त्याला आदल्या तासात काय लावलं ते विसरलात?"

"धार्मिक गोष्टींवर मी फार लक्ष देत नाही."

उत्तर बिनतोड होतं. ऑफिसात शस्त्रपूजा झालीच होती. भिंतीवर तिचा फोटो होता, ताट, फुलं, हसरे कर्मचारी. सोनल उठली आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबून तिने पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

ताटात पिस्तुलं दोन होती. ऑफिसला तीन मिळाली होती.

४

उन्नती त्याच ऑफिसात निरीक्षक होती आणि जेवणाच्या सुट्टीत कोन गावच्या रस्त्यावर एका टपरीमागे भेटायला तयार झाली. ऑफिसात नको म्हणाली. तिचं उजवं मनगट थोडं वाकडं जुळलेलं होतं.

"तिसरं पिस्तूल विशालसरांचं," ती म्हणाली. "ते आदल्या संध्याकाळीच घेऊन गेले. सकाळी घरून थेट तपासणीला जातो म्हणाले. ऑफिसच्या पूजेला ते नव्हतेच."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं?" उन्नती चिडली. "आणि खरं सांगू? मला वाटत होतं त्यांनी बरोबर केलं. हे बघताय?" तिने मनगट पुढे केलं. "मागच्या वर्षी. एका गोदामात रसायनाची पिंपं होती, शेजारी बालवाडी. मी सील करते म्हटलं. त्यांनी शटर खाली ओढलं. मी आतून फोन करत होते तुमच्या लोकांना. येतो, येतो. आले तेव्हा मी बाहेर रस्त्यावर बसले होते, हात लोंबत होता. पिस्तुलं मागणाऱ्यांत पहिली सही माझी आहे, मॅडम."

 पोलिसांनी नेहमी द्यायचं उत्तर द्यायची सोनलला लाज वाटली.

"त्या दिवशी तुमच्याकडे पिस्तूल असतं तर?"

"तर माझ्याऐवजी दुसऱ्याचं काहीतरी तुटलं असतं. तेव्हा मला चाललं असतं." उन्नतीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी आधी दुसरंच मागितलं होतं. हवेतला वायू मोजायचं यंत्र. पिंपात काय आहे ते न उघडता कळावं म्हणून. किती वेळा मागितलं. आलं काय, तर हे. आता मी गोदामात शिरते, पिंपात काय आहे ते मला आजही कळत नाही, पण समोरच्याला गोळी घालू शकते."

"नागसेनला ओळखत होतात?"

"त्यानेच मागच्या तपासणीत मला मागचं दार दाखवलं होतं. मालकाने खोकी लावून बुजवलेलं. मालकासमोर दाखवलं." तिने ग्लास दूर सरकवला. "तो माणूस ऑफिसरच्या अंगावर गाडी घालतो, हे मला पहिल्या दिवसापासून गिळता येत नव्हतं. पण गिळलं. आपल्या माणसाची बाजू म्हणून. परवा हॉस्पिटलात गेले होते. काचेबाहेरून बघून परत आले. त्याच्या आईसमोर जायची हिंमत झाली नाही."

परतताना सावळाराम गाडी चालवत होता. सोनल बराच वेळ खिडकीबाहेर गोदामांचे पत्रे बघत बसली.

"सावळाराम, ऑफिसच्या पूजेत ते पिस्तूल नव्हतं. मग कुंकू लागलं कुठे?"

"दुसऱ्या पूजंत."

"त्या दिवशी दुसरी पूजा कुठे असते?"

सावळारामने तिच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस मुंबईहून आलेल्या भाच्याकडे पाहतो. "मॅडम, तुमच्यात न्हाय करत, म्हनून तुमाला नसंल ठावं. त्या दिशी कुठं नसती ते विचारा. खंडेनवमी व्हती. ज्याच्याकडं जे हत्यार, जे यंत्र, ते पुजायचं. शिवनयंत्रापास्नं ट्रकपर्यंत."

"पुजून झालं की?"

सावळारामने सांगितलं. सोनलने त्याला गाडी अंजूरकडे वळवायला लावली.

५

केसरीनाथ पाटील गोदामाच्या केबिनमध्ये बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, मागे कुलदेवतेचा फोटो. एकेकाळी या जागेवर त्यांच्या बापाचं भाताचं शेत होतं, हे ते प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

"भालेराव," त्यांनी आडनाव तोंडात घोळवलं. "म्हंजे तुमी नागसेनच्याच लोकांतल्या म्हना की."

"हो. माझ्या आडनावावरून तुम्हाला जे समजलं ते बरोबर आहे. आता तुमच्या जबाबावरून मला काय समजलं ते सांगू?"

"रागवू नका, मॅडम. नागसेन आमच्या घरच्यासारखा. हॉस्पिटलचा सगळा खर्च मी करतोय, विचारा डॉक्टरला."

"खर्च तुमच्या नावावर आणि गुन्हा त्याच्या नावावर. वाटणी चांगली आहे." सोनलने कागद काढले. "तुमच्या जबाबात आहे, नागसेन साहेबांच्या अंगावर धावून गेला. बरोबर?"

"जाला ना. माथं फिरलं त्याचं."

"विशालसाहेबांच्या तक्रारीत जरा जास्त आहे. ती वाचलीत?"

"त्यांनी काय लिवलं ते त्यांचं. मी कशाला वाचू?"

"मग मी वाचते. 'नागसेन याने गोदामातील फोर्कलिफ्ट चालू केली व अंगावर घातली.'" सोनलने कागद खाली ठेवला आणि साधं, शेजारणीने विचारावं तसं विचारलं, "खंडेनवमीला तुमच्याकडे गाडी चालवतात, पाटीलसाहेब? पूजा झाल्यावर?"

"कोन बोलतो?"

"साहेब लिहितात. मला वाटलं, आता धंदा मोठा झाला, जुनं काही पाळत नसाल."

केसरीनाथ खुर्चीतून उठले. मान लाल झाली होती. "माझ्या गोदामात पुजलेलं यंत्र दसऱ्याबिगर हलत न्हाय. माझ्या बापानं नांगर हलवला न्हाय, मी चाक हलवला न्हाय. त्या दिशी माल आला तरी ट्रक बाहेर उभा करतो मी, सगल्या अंजूरला ठावं हाय. हळद-कुंकू लागलं, हार चढला, मंग त्याला हात लावायचा न्हाय. कोन म्हनतो गाडी चालवली?"

बोलून झालं. 

केसरीनाथ हळूच खाली बसले. आपण काय बोललो ते त्यांना आता कळत होतं, आणि सावळाराम ते सगळं लिहून घेत होता, हेही.

"बोलवा विशालसाहेबांना," सोनल म्हणाली. "तुमच्या फोनवर लवकर येतात. आणि कुणालला आत घ्या. दाराआड उभा राहून पाय दुखतील त्याचे."

६

विशाल आला तो रागातच. आत चौघांना बसलेलं पाहून त्याचा राग दारातच थोडा थांबला.

"मी सांगते, चुकलं तिथे अडवा," सोनल म्हणाली. "फोर्कलिफ्ट चाललीच नाही. मालकच सांगतायत. नागसेन सीटवर नव्हता. असता तर गोळी आधी पत्र्यातून गेली असती. नागसेनला गाडी धुवायला बोलावलं होतं, कारण पूजा होती. दांड्याला हाराचा दोरा अजून आहे. हार तुम्ही काढलात, पाटीलसाहेब, गाठ राहिली. पूजेला पाहुणे होते विशालसाहेब. ज्याचं गोदाम तपासायचं, त्याच्याच घरचे पाहुणे. तपासणी वगैरे त्या दिवशी काही नव्हती. मुठीत कुंकू आहे, ऑफिसच्या ताटात हे पिस्तूल नव्हतं, म्हणजे ते इथल्या ताटात होतं. कोयता, पाना, फोर्कलिफ्टची चावी, आणि सरकारी पिस्तूल. भरलेलं."

"कल्पना चांगली आहे," विशाल म्हणाला. "गोळी मी झाडली, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. परिस्थितीबद्दल मतभेद असू शकतात."

"तेच मला कळत नव्हतं. माणूस न झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर का घेतो? मग लक्षात आलं. हल्ला परतवणारा अधिकारी शूर ठरतो. त्याला बढती मिळते, ऑफिसला आणखी पिस्तुलं मिळतात. पण ज्याने आपलं पिस्तूल दुसऱ्याच्या पोराला खेळायला दिलं, त्याची नोकरी जाते आणि तो तुरुंगात जातो. तुम्ही स्वस्तातला गुन्हा निवडलात. फक्त त्याची किंमत नागसेनला भरायला लावलीत."

"पोराला?" विशाल म्हणाला. "पुरावा?"

"हात दाखव, कुणाल."

कुणालने हात मांडीखाली घेतला.

"गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग झटक्याने मागे येतो. अंगठा नको तिथे ठेवला असेल, तर हे बेचकं फाडतो. न शिकलेल्या हाताची खूण असते ती. माझं फाटलं होतं, शिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात. विशालसाहेबांचे हात बघा, पूजेला बसवावेत इतके नीट आहेत. मग गोळी कोणाच्या हातातून सुटली?"

"पप्पा," कुणाल म्हणाला. एवढंच.

केसरीनाथांनी डोळे मिटले. "मीच साहेबांना म्हटलं. साहेब, तुमचं हत्यार आमच्या ताटात ठेवा. सरकारी हत्यार पाटलांच्या ताटात, गावानं बघावं. साहेब न्हाय म्हनले न्हाय." ते मुलाकडे बघत नव्हते. "मंग ह्यानं उचलला. नागसेन तितं बाजूला गाडीचा हार नीट करत व्हता. मी फोन धरून उभा. म्हटलं, जरा मान वर कर."

"फोटो काढलात?"

"काढला."

"पुसून टाकला असेल."

केसरीनाथांनी फोन काढून टेबलावर ठेवला.  "पुसायला गेलतो," मग म्हणाले. "न्हाय पुसला. पोरगा चांगला दिसतोय त्यात."

सोनलने फोन उचलला. फोटोत कुणाल पिस्तूल आडवं धरून तिरका उभा होता, मान वर. पिस्तुलाच्या रोखाने, फ्रेमच्या कडेला, वाकलेली एक पाठ आणि झेंडूच्या हाराला लागलेला हात. नागसेनला आपण फोटोत आहोत हे माहीत नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला उचलून हॉस्पिटलात नेलंत," सोनल म्हणाली, "आणि मग हॉस्पिटलच्याच आवारात ठरवलंत, तो गुन्हेगार आहे. गाडीत रक्त ओलं होतं अजून."

"तो वाचेल असं वाटलं नव्हतं," विशाल म्हणाला. बोलल्यावर त्यालाच कळलं, की हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

सावळारामने तेही लिहून घेतलं.

७

दुसऱ्या दिवशी ठाण्यात उन्नती आली. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल काढून तिने टेबलावर ठेवलं, मॅगझिन वेगळं.

"हे ठेवून घ्या."

"मला घेता येत नाही. तुमच्या ऑफिसात जमा करा."

"ऑफिसने आज पत्र काढलंय. झालेला प्रकार वैयक्तिक चूक आहे, शस्त्रं कायम राहतील, शिबिर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचं होईल." उन्नती हसली, पण ते हसणं नव्हतं. "आणखी शस्त्रांची मागणीही गेली आहे. वायूच्या यंत्राचं काही नाही."

"पुढच्या वेळी गोदामात कशी जाणार?"

"तेच विचारायला आलेय. मी आतून फोन केला, तर तुम्ही किती वेळात येणार?"

सोनलने तिच्यासमोर खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "फोन करू नका. निघायच्या आधी कळवा. मी सोबत येईन. आमच्याकडे माणसं कमी आहेत, म्हणून प्रत्येक वेळी नाही जमणार, आणि साहेब ओरडतील. पण हे काम तुमच्या कमरेला बांधून आम्ही मोकळं व्हायचं, हे यापुढे माझ्याकडून होणार नाही."

उन्नतीने पिस्तूल पुन्हा रुमालात गुंडाळलं. जाताना म्हणाली, "मंगळवारी. कोनला. तीच पिंपं."

"येते."

संध्याकाळी सोनल हॉस्पिटलात गेली तेव्हा नागसेनच्या तोंडातली नळी काढलेली होती. तो स्वतः श्वास घेत होता, डोळे मात्र मिटलेले. डॉक्टर म्हणाले, आता जगेल, पाय पहिल्यासारखा होणार नाही. त्याच्यावरचा गुन्हा मागे घ्यायचा अहवाल सोनलने दुपारीच दिला होता. पहाऱ्याचा शिपाई उठून गेला होता.

मीराबाई आत, पलंगाशेजारी स्टुलावर होती. आज पहिल्यांदा तिला आत बसू दिलं होतं.

"सुटला का त्यो?" तिने विचारलं.

"सुटला, मावशी. त्याच्या नावावर आता काही नाही."

"आन ते?"

"दोघं कोठडीत आहेत. पाटलांना उद्या बोलावलंय."

मीराबाईने मान हलवली. तिने नागसेनच्या मनगटावर, जिथे बेडी घासून वळ उठला होता, तिथे बोट फिरवलं.

"डॉक्टर बोलले, रातच्याला न्हायतर सकाळच्याला जागा व्हईल. जागा झाला की पयलं मलाच विचारंल, आई, मला का मारलं? मी कुनाचं काय केलं व्हतं?" ती सोनलकडे बघत होती. "मी अडानी हाय. मला सांगा नीट. काय सांगू त्याला?"

सोनलने खूप शब्द शोधले. कायद्यातले होते, बरे वाटणारे होते, लांब होते. त्यातला एकही खरा नव्हता.

"फोटो काढायचा होता," ती म्हणाली. "म्हणून."

 मीराबाई रडली नाही. मग स्टूल थोडं बाजूला सरकवलं, पलंगाच्या कडेला जागा केली.

"हितं बसा," ती म्हणाली. "हे मी न्हाय सांगनार त्याला. तुमी सरकारच्या. तुमी सांगा."

सोनलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नागसेनचे डोळे उघडायची वाट बघत बसली.